पानावरची धूळ कशी वाचायची?

मागच्या अंकात याच सदरात मी लिहिलं होतं, की रस्त्याकडेच्या झाडांच्या पानांवरून हवेतल्या धुळीचा चांगला अंदाज घेता येतो आणि त्यासाठी लाखांची यंत्रं लागत नाहीत. त्यावर आलेली पत्रं बहुतेक पुण्यातलीच आहेत. काहींनी नाव छापू नका म्हणून कळवलं, तेव्हा सगळ्यांचीच नावं गाळली आहेत, फक्त भाग ठेवला आहे. मी नोकरीभर कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवलं, त्यामुळे उत्तरं पानाच्या अंगाने दिली आहेत.

प्रश्न : बाई, आम्ही सिंहगड रस्त्याला पाचव्या मजल्यावर राहतो. शेजारी मोठं बांधकाम चालू आहे. बाल्कनीतल्या मनी प्लांटची पानं आज पुसली की परवा पुन्हा पांढरी. मोबाइलवर बघावं तर हवा 'समाधानकारक'. आम्ही विश्वास कोणावर ठेवायचा, पानावर की मोबाइलवर?
(निवृत्त बँक कर्मचारी, सिंहगड रस्ता)

उत्तर : दोघांवरही ठेवा. ते वेगवेगळ्या गोष्टी सांगताहेत, एवढंच.

मोबाइलवरचा आकडा कुठल्या तरी मोजणी केंद्रावरून येतो. पाषाणच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने, म्हणजे आयआयटीएमने, 'सफर' ही हवा मोजणारी यंत्रणा २०१० मध्ये दिल्लीत उभारली आणि २०१३ मध्ये पुण्यात आणली. प्रदूषण नियंत्रण मंडळाची केंद्रं वेगळी. पण सगळी धरली तरी एवढ्या पसरलेल्या शहरात ती मोजकीच आहेत, आणि त्यातलं एकही तुमच्या बाल्कनीखाली नाही. शिवाय धुळीचा निर्देशांक २४ तासांच्या सरासरीवर काढतात. तुमच्या शेजारी दुपारी दोन तास डंपर रिकामे झाले, तर ते काही किलोमीटरवरच्या केंद्राच्या दिवसभराच्या सरासरीत उमटणार नाहीत.

दुसरा मुद्दा कणांच्या आकाराचा. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. आपला केस साधारण ५० ते ७० मायक्रॉन जाड असतो. केंद्रं मोजतात ते १० मायक्रॉनपर्यंतचे आणि २.५ मायक्रॉनपर्यंतचे कण. तुमच्या पानावर डोळ्यांना दिसतो तो पांढरा थर वजनाने बहुतांशी त्याहून मोठ्या कणांचा आहे : सिमेंट, खडीचा भुगा, क्रश सँड म्हणजे दगड फोडून केलेली वाळू. हे कण जड. उडतात आणि जवळपासच बसतात. श्वासातून गेलेच तर बरेचसे नाका-घशात अडकतात. २.५ मायक्रॉनच्या आतले मात्र फुप्फुसाच्या शेवटच्या वायुकोशांपर्यंत पोचतात. तेही तुमच्या पानावर आहेत, फक्त ते दिसत नाहीत.

आता 'समाधानकारक' या शब्दाबद्दल. आपल्या हवा निर्देशांकात ५१ ते १०० म्हणजे समाधानकारक. २.५ मायक्रॉनच्या कणांसाठी त्याचा अर्थ, हवेच्या एका घनमीटरमध्ये ३१ ते ६० मायक्रोग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये दिवसाच्या सरासरीसाठी सांगितलेली मर्यादा आहे १५. म्हणजे वरच्या टोकाची 'समाधानकारक' हवा त्या मर्यादेच्या चौपट. घरात दमेकरी किंवा तान्हं मूल असेल तर शब्द न बघता आकडा बघा.

आणि बांधकामाचं म्हणाल तर पानं पुसत बसण्यापलीकडे तुम्हाला करता येण्यासारखं आहे. ज्या शहरांत धूळ मर्यादेबाहेर आहे तिथल्या बांधकामांसाठी केंद्र सरकारने जानेवारी २०१८ मध्ये अधिसूचना काढली आहे. माती-वाळूचे ढीग उघडे ठेवायचे नाहीत, दगड-फरशी उघड्यावर कापायची नाही, पाणी मारायचं, आणि इमारतीच्या उंचीच्या एक तृतीयांश, जास्तीत जास्त १० मीटर, असा वारा अडवणारा आडोसा उभा करायचा. २०१९ च्या राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रमात मर्यादा ओलांडणाऱ्या शहरांच्या यादीत पुणं आहे. बांधकामाच्या बाजूच्या बाल्कनीत एक कुंडी आणि घराच्या दुसऱ्या बाजूला त्याच झाडाची एक कुंडी ठेवा. दोन्हींची पानं एकाच दिवशी धुवा, आठवड्याने दोन्हींचा फोटो एकाच चौकटीत काढा आणि तारखेसह अर्जाला जोडून महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयात द्या. 'फार धूळ येते हो' या तक्रारीपेक्षा अशा अर्जाला उत्तर देणं भाग पडतं.

प्रश्न : मॅडम, मी नववीत आहे. विज्ञान प्रदर्शनासाठी झाडाच्या पानांवरून कोथरूडमधली हवा मोजायची आहे. कोणतं झाड घेऊ? सरांनी पानाचं धुण्याआधी आणि धुतल्यावर वजन करायला सांगितलं, पण शाळेच्या काट्यावर फरकच दिसत नाही.
(विद्यार्थिनी, कोथरूड)

उत्तर : तुझं पत्र वाचून फार बरं वाटलं, म्हणून तुला जरा सविस्तर लिहिते.

आधी काट्याचं. एका पानावरची धूळ भरते काही मिलिग्रॅम. त्यात ओलं पान वाळताना पाणी गमावतं, ते वजन धुळीहून जास्त. म्हणून पानाचं वजन करूच नकोस, धुळीचं कर. एका जागेची वीस-पंचवीस पानं घे आणि थोड्याशा डिस्टिल्ड वॉटरमध्ये मऊ ब्रशने दोन्ही बाजूंनी धू. ते पाणी आधीच वजन करून ठेवलेल्या फिल्टर पेपरमधून गाळ, पेपर वाळव आणि पुन्हा वजन कर. दोन वजनांतला फरक ही तुझी धूळ. फिल्टर पेपर हवेतली ओल पटकन ओढतो, म्हणून दोन्ही वेळा तो सारखाच वाळवायला हवा. वजनासाठी मिलिग्रॅमचा दहावा भाग दाखवणारा काटा लागेल. तो कुठल्याही सायन्स कॉलेजच्या प्रयोगशाळेत असतो. सरांकडून चिठ्ठी घेऊन जा, नाही म्हणणार नाहीत. मग पानं ग्राफ पेपरवर ठेवून कडेने पेन्सिल फिरव, चौकोन मोज, म्हणजे क्षेत्रफळ मिळेल. धुळीला क्षेत्रफळाने भागलं की दर चौरस सेंटिमीटरला किती मिलिग्रॅम ते येतं. पानं लहान-मोठी असली तरी तुलना करता येते ती या भागाकारामुळे.

आता कोणतं झाड. खरं सांगू का, कोणतंही चालेल, पण सगळ्या जागी तेच हवं. रस्त्यावर वडाचं आणि गल्लीत पिंपळाचं पान घेतलंस तर तू हवेची नाही, वड-पिंपळाची तुलना केलीस. पिंपळाचं पान गुळगुळीत, देठ लांब, जरा वारा आला की ते सळसळतं आणि धूळ झटकून टाकतं. याच्या अगदी उलट पारिजातक. तो पुण्यात जवळजवळ प्रत्येक सोसायटीच्या आवारात असतो. त्याच्या पानावरून बोट टोकाकडून देठाकडे फिरव, पॉलिश पेपर लागल्यासारखं वाटेल. दहापट मोठं दाखवणारं भिंग लावून बघ. पांढरे, ताठ, आखूड केस दिसतील, सगळे एका अंगाला कललेले. प्रत्येकाच्या बुडाशी छोटा उंचवटा. रस्त्यालगतच्या झाडाचं पान असेल तर या केसांच्या मधल्या जागेत काळे दाणे, करडा भुगा आणि एखादा चमकणारा स्फटिक अडकलेला दिसेल. मधली शीर खोलगट असते, तिच्या कडेने धुळीची रेघच ओढलेली असते. बांधकामाजवळचं पान असेल तर त्या रेघेवर खरपुडी धरलेली सापडेल. सिमेंटचा कण दवाने भिजला की तिथेच घट्ट होतो आणि मग नुसत्या पाण्याने निघत नाही. पारिजातकाचे हे केस धूळ धरून ठेवतात, म्हणून धुऊन वजन करण्यासाठी तो मला सर्वांत आवडतो. फक्त उन्हाळा तापला की तो बरीच पानं गाळून बसतो, तेव्हा त्याच्या आत काम उरक.

काटा मिळालाच नाही तर दुसरी पद्धत पारदर्शक चिकटपट्टीची. पट्टीचा ठरावीक लांबीचा तुकडा पानाच्या वरच्या बाजूवर दाबायचा, उचलायचा आणि पांढऱ्या कागदावर चिकटवायचा. बाजूला जागा आणि तारीख. यासाठी मात्र जास्वंदीसारखं गुळगुळीत पान हवं. पारिजातकाचे केस पट्टीबरोबर उपटून येतात. सगळ्या पट्ट्या एका कागदावर शेजारी-शेजारी आल्या की कोणती जागा जास्त मळकट हे लांबूनही कळतं. भिंगाखाली एका चौकोनातले काळे दाणे मोजलेस तर आकडाही हाती लागेल.

बाकी काळजी घ्यायची ती अशी. पानं तुझ्या नाकाच्या उंचीवरची घे. अगदी खालच्या पानांवर पावसाचे आणि टँकरचे शिंतोडे उडून माती बसते, ती हवेतून आलेली नसते. फांदीच्या शेंड्यापासून तिसरं-चौथं पान घे, म्हणजे पानांचं वय सारखं राहील. आणि सर्वांत महत्त्वाचं, पहिल्या दिवशी निवडलेली पानं स्वच्छ धू, देठाला रंगीत दोरा बांध आणि सगळ्या जागांची पानं पंधरा दिवसांनी एकाच दिवशी तोड. असं केलं नाहीस तर कोणत्या पानावर किती दिवसांची धूळ आहे हे कळायला मार्गच नाही. मध्ये पाऊस झाला तर मोजणी मोडून पुन्हा धुण्यापासून सुरू कर.

पुण्यात यासाठी उत्तम काळ दिवाळीनंतर फेब्रुवारीपर्यंतचा. पाऊस नाही, रात्री वारा पडलेला. शहर टेकड्यांच्या कुशीत बशीसारखं आहे. थंडीच्या रात्री जमिनीलगतची हवा आधी गार होते, वर तुलनेने उबदार थर बसतो आणि खालचा धूर-धुरळा सकाळी ऊन चढेपर्यंत खालीच कोंडून राहतो. पाषाण किंवा वेताळ टेकडीवर सकाळी फिरायला जाणाऱ्या कोणालाही विचार, शहरावरचा तो करडा पट्टा त्यांनी पाहिलेला असतो.

जागा चारच घे, पण नीट निवड. कर्वे रस्त्यालगतचं आवार, तिथूनच आत वळलेली गल्ली, शाळेची गच्ची आणि टेकडीचा पायथा. दुभाजकावरच्या झाडांच्या वाटेला जाऊ नकोस, पानापायी गाड्यांमध्ये उभं राहायचं नाही. कण्हेरही टाळ. तिचा चीक विषारी असतो.

निकाल लिहिताना एक पथ्य पाळ. 'रस्त्याकडेच्या पानांवर गल्लीपेक्षा दुप्पट धूळ बसली' असं तुला छातीठोकपणे लिहिता येईल. 'कर्वे रस्त्याच्या हवेत इतके मायक्रोग्रॅम कण आहेत' असं लिहू नकोस. यंत्र हवेत तरंगणारे कण मोजतं. पान मोजतं ते त्यातले बसलेले आणि वाऱ्याने पुन्हा न उडालेले. एकावरून दुसऱ्याचा आकडा थेट काढता येत नाही. पण एकच यंत्र चार गल्ल्यांतला फरक दाखवू शकत नाही आणि चार झाडं दाखवू शकतात. परीक्षकांनी विचारलं तर हेच सांग.

प्रश्न : धुळीने झाडाला त्रास होतो का? कुंड्यांतली पानं रोज धुवावीत का? गच्चीवरचा कढीपत्ता आणि अळू खायला चालेल ना?
(गृहिणी, बिबवेवाडी)

उत्तर : त्रास होतो. ऊन पानापर्यंत कमी पोचतं, पर्णरंध्रं बुजतात, अन्न कमी तयार होतं. धुळकट पानांवर लाल कोळी ही कीडही लवकर पडते. रोज नको, आठवड्यातून एकदा सकाळी पानांच्या दोन्ही बाजूंनी पाण्याचा फवारा पुरे. कढीपत्ता आणि अळू खा, मात्र भरपूर पाण्यात खळबळून घ्या. भर रहदारीच्या रस्त्याला लागून वाढलेल्या पालेभाज्या मी स्वतः घेत नाही. ब्रेक आणि टायरच्या झिजेतून येणारे धातू नुसत्या धुण्याने पूर्ण जात नाहीत.

प्रश्न : परदेशात खिडकीत स्ट्रॉबेरीची रोपं ठेवून, पानांचं चुंबकत्व मोजून प्रदूषणाचा नकाशा केला असं वाचलं. मी ऑटोमोबाइल कंपनीत आहे, सोसायटीतले आम्ही काही जण चुंबक वापरून असं काही करावं म्हणतो. पुण्यात जमेल?
(अभियंता, पिंपळे सौदागर)

उत्तर : तुम्ही वाचलंत तो उपक्रम बेल्जियममधल्या अँटवर्पचा, २०१४ चा. तिथल्या विद्यापीठाने शेकडो नागरिकांना स्ट्रॉबेरीची रोपं दिली, लोकांनी ती खिडकीच्या कट्ट्यावर ठेवली आणि काही आठवड्यांनी पानं परत पाठवली. स्ट्रॉबेरी निवडली कारण रोप छोटं, कुंडीत सहज जगणारं, आणि पानाला लव असते. महाबळेश्वरहून आणलेलं रोप घरी लावून पाहिलं असेल त्यांना ती लव माहीत असेल.

यामागचं तत्त्व असं. गाडीच्या धुरात, आणि त्याहून जास्त ब्रेकच्या झिजेत, लोहाच्या ऑक्साइडचे अतिसूक्ष्म कण असतात. त्यातला मॅग्नेटाइट चुंबकीय. पान डबीत घट्ट बसवून त्याला जोरदार चुंबकीय क्षेत्र दाखवायचं, क्षेत्र काढलं की कणांमध्ये उरलेलं चुंबकत्व संवेदनशील यंत्राने मोजायचं. पान जाळावं-विरघळवावं लागत नाही आणि एका दिवसात पुष्कळ नमुने होतात. ब्रिटनमधल्या लँकेस्टर विद्यापीठात बार्बरा माहेर यांनी या पद्धतीवर मोठं काम केलं आहे. त्यांच्याच गटाने २०१६ मध्ये मेक्सिको सिटी आणि मँचेस्टरमधल्या माणसांच्या मेंदूच्या ऊतींमध्ये मॅग्नेटाइटचे गोलसर अतिसूक्ष्म कण सापडल्याचं दाखवलं, आणि त्यांचा आकार ज्वलनातून तयार होणाऱ्या कणांशी जुळत होता. त्यामुळे हे कण मोजण्याला नुसतं कुतूहलापलीकडे महत्त्व आहे.

पण पुण्यात एक अडचण आहे, आणि ती आपल्या पायाखाली आहे. आपण दख्खनच्या काळ्या पाषाणावर राहतो. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा हा बेसॉल्ट, आणि त्याच्यात मूळचाच मॅग्नेटाइटच्या जातीचा खनिजांश असतो. बांधकामाच्या वाळूच्या ढिगातून चुंबक फिरवून लहान मुलं काळी पूड गोळा करतात, ती हीच. आपल्याकडची खडी बेसॉल्टची, क्रश सँड बेसॉल्टची, रस्त्याकडेची माती बेसॉल्टची. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने सहा शहरांत प्रदूषणाचे स्रोत शोधण्याचा अभ्यास केला, त्यात पुण्याचं काम वेताळ टेकडीवरच्या एआरएआय या वाहनसंशोधन संस्थेने केलं. १० मायक्रॉनपर्यंतच्या कणांमध्ये रस्त्यावरून उडणाऱ्या धुळीचा वाटा त्यात सर्वांत मोठा निघाला. म्हणजे तुमच्या चुंबकाला पिंपळे सौदागरच्या पानावरून जी पूड चिकटेल, तिच्यात ब्रेकची झीज किती आणि डंपरमधून सांडलेली खडी किती, हे चुंबक सांगणार नाही.

म्हणून साधा चुंबक घेऊन नकाशा करू नका. त्यापेक्षा अशी आखणी करा. प्रत्येक जागेच्या पानांबरोबर तिथल्या मातीचाही चमचाभर नमुना ठेवा. खणलेली जागा, खडीचे ढीग आणि आरएमसी प्लँट, म्हणजे तयार काँक्रीटचे कारखाने, नकाशावर आधी खुणा करून घ्या. मग खडकांचं चुंबकत्व मोजणाऱ्या प्रयोगशाळेला विचारा. पनवेलच्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेत हा विषय आहे. मातीच्या आणि पानाच्या चुंबकीय गुणांत फरक आढळला तर त्यातून दगडाची धूळ आणि वाहनांचे कण वेगळे काढण्याच्या दिशेने जाता येतं. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखालीही फरक दिसतो : ज्वलनातले कण गोल, फुटलेल्या दगडाचे कोनदार. तुम्ही गाड्यांच्या धंद्यातले आहात. ब्रेकच्या पॅडमध्ये काय काय असतं हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक असणार, आणि लोहाबरोबर कोणते धातू शोधायचे हे तुम्हीच ठरवू शकाल. हे काम पुण्यात नीट व्हावं असं मला मनापासून वाटतं. इतक्या गाड्या आणि इतका बेसॉल्ट एकत्र असलेलं शहर शोधून सापडायचं नाही.

प्रश्न : आमच्या सोसायटीने रस्त्याकडेला प्रदूषण शोषणारी झाडं लावायचं ठरवलंय. नर्सरीवाला कोनोकार्पस घ्या म्हणतो, भराभर वाढतो आणि दाट होतो. काही सभासद म्हणतात जुना वर्षावृक्ष काढून त्या जागी ओळीने हेच लावू. तुमचं मत कळवावं.
(सोसायटीचे चेअरमन, वानवडी)

उत्तर : कोनोकार्पस नको, वर्षावृक्ष तर मुळीच काढू नका.

कोनोकार्पस बाहेरचा. त्याच्या परागकणांचा त्रास आणि पाइपलाइनमध्ये घुसणारी मुळं, या कारणांनी गुजरात सरकारने २०२३ मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातली. आणि वर्षावृक्षाला महापालिकेच्या परवानगीशिवाय हात लावता येत नाही, १९७५ चा महाराष्ट्राचा वृक्ष संरक्षण कायदा आहे.

आता मूळ मुद्दा. 'प्रदूषण शोषणारं झाड' हा शब्दप्रयोगच मला खटकतो. पानावर कण बसतात, पाऊस ते मातीत नेतो किंवा वारा पुन्हा उडवतो. पानाच्या मेणचट थरात रुतलेले थोडे कण पान गळेपर्यंत तिथेच राहतात. एवढंच. शहराच्या एकूण धुळीत याने पडणारा फरक लहान आहे, त्याच्या भरवशावर उगमाकडे दुर्लक्ष करू नये. मात्र जागेपुरता फायदा नक्की होतो. तुमचं आवार आणि रस्ता यांच्यामध्ये जमिनीपासून डोक्याच्या वरपर्यंत सलग, भोकं नसलेली झुडपांची भिंत असेल तर मागे खेळणाऱ्या मुलांपर्यंत धूळ कमी पोचते. बारमाही हिरवं, दाट पानांचं, आपल्याकडचं झुडूप घ्या. कामिनी चांगली, अडुळसाही चांगला. कंपाउंडला जागा असेल तर मागे बकुळ किंवा करंज.

उंच फांद्यांचं छत मात्र सगळीकडे सारखं उपयोगी पडत नाही. लक्ष्मी रस्त्यासारख्या दोन्ही बाजूंनी इमारतींनी बंद झालेल्या रस्त्यावर दाट छतामुळे वारा खाली पोचत नाही आणि गाड्यांचा धूर खालीच घुटमळतो. तुमचा वानवडीचा रस्ता रुंद आणि मोकळा असेल तर ही भीती नाही.

प्रश्न : एम.एस्सी.च्या प्रकल्पात मी पुण्यातल्या दहा झाडांचा प्रदूषण सहनशीलता निर्देशांक काढतोय. त्यावरून त्या त्या भागाची हवा किती खराब आहे हे म्हणता येईल का?
(विद्यार्थी, गणेशखिंड)

उत्तर : नाही म्हणता येणार. हा निर्देशांक सिंग आणि राव यांनी १९८३ मध्ये मांडला. पानातलं क्लोरोफिल आणि अर्काचा सामू (पीएच) यांची बेरीज, तिला क जीवनसत्त्वाने गुणायचं, त्यात पानातल्या पाण्याची सापेक्ष टक्केवारी मिळवायची आणि दहाने भागायचं. त्यातून झाड किती सोसू शकतं हे कळतं. कमी निर्देशांकाचं झाड आधी कोमेजतं, म्हणून इशारा देण्यासाठी ते लावतात. जास्त निर्देशांकाचं टिकतं, म्हणून रस्त्याकडेला लावतात. हवा मोजायची तर पानावरची धूळ वेगळी काढ. आधी पाण्याने धू, मग क्लोरोफॉर्मने पानाचं मेण सोडव, आणि दोन्ही अर्क १०, २.५ आणि ०.२ मायक्रॉनच्या गाळण्यांतून पाठोपाठ गाळ. क्लोरोफॉर्मचं काम फ्यूम हुडखालीच, म्हणजे वाफ बाहेर ओढणाऱ्या कपाटात. मेणातले कण वेगळे मोजलेस तर कुठल्या झाडावर बारीक कण जास्त टिकतात हे तुला दाखवता येईल, आणि तुझ्या निर्देशांकाला त्याची जोड मिळाली तर प्रकल्प खरोखर कामाचा होईल.

प्रश्न : आमच्या अंगणातल्या जुन्या आंब्याच्या खोडावर करडे-पांढरे चट्टे आले आहेत. शेजारी म्हणतात रोग आहे, खरवडून चुना लावा. काही जण म्हणतात हवा चांगली असल्याची खूण आहे. खरं काय?
(वाचक, पाषाण)

उत्तर : रोग नाही. ते शैवाक आहे, इंग्रजी शाळेत गेलेली मुलं लायकेन म्हणतात. बुरशी आणि शैवाल यांचा एकत्र संसार. तुमच्या गोड्या मसाल्यातलं दगडफूल हे शैवाकच. ते खोडावर राहतं, खोडाचं काही खात नाही. त्याला मुळं नाहीत आणि पानावर असतो तसा मेणाचा थरही नाही. पाणी, क्षार आणि हवेत जे काही असेल ते सगळं ते अंगभर ओढून घेतं. त्यामुळे हवा बिघडली की ते लवकर मरतं. पॅरिसच्या लक्झेंबर्ग बागेत आणि शहराच्या आत कोणती शैवाकं उरली आहेत यावरून हवेबद्दल बोलता येतं, हे विल्यम नायलँडर यांनी १८६६ मध्येच मांडलं होतं. पुण्यात आघारकर संशोधन संस्थेत शैवाकांवर अनेक वर्षं काम झालं आहे.

मात्र दोन्ही शेजाऱ्यांना एक गोष्ट सांगा. शैवाक मुख्यतः वायूंबद्दल सांगतं, विशेषतः सल्फर डायऑक्साइडबद्दल. धुळीचं मोजमाप त्यावरून करू नये. आणि सगळी शैवाकं सारखी नसतात. खोडाला रंग फासल्यासारखी चिकटलेली, नखाने न निघणारी पापुद्र्याची जात पुष्कळ सोसते, ती रहदारीच्या भागातही सापडते. कडा उचललेली, पानासारखी झालरीची जात नाजूक. महाबळेश्वरला झाडांवर ती आणि लोंबणारी जातही दिसेल, शहराच्या मध्यात शोधावी लागेल. तुमच्या आंब्यावर कोणती आहे ते आधी बघा. झालरीची असेल तर चट्ट्याच्या बाजूला खोडावर एक छोटी टाचणी लावा, शेजारी पट्टी धरून दरवर्षी नोव्हेंबरमध्ये एकाच अंतरावरून फोटो काढत जा. खरवडू नका. खोडाला चुना आणि गेरू लावायची पद्धत असेल तर तेवढा हातभर भाग मोकळा सोडायला माळीबुवांना सांगून ठेवा.